शाळा घेतली, धर्म नाही : कुंडलिकेकाठच्या मिशनची दोनशे वर्षं आज कातकरी वाड्यांना काय सांगतात?

मुंबई-गोवा महामार्गावरचं कोलाड बहुतेकांना दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक, कुंडलिका नदीतलं राफ्टिंग. दुसरी, कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार झाली की पाणी नदीत सोडलं जातं, त्यामुळे इथं पावसाळा संपल्यावरही बोटी चालतात. याच खोऱ्यात, डोंगराच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. राफ्टिंगच्या फोटोंमध्ये त्या दिसत नाहीत.

आदिवासी वाड्यांची चर्चा होते ती वेगळ्या वेळी. कुठेतरी प्रार्थनासभा झाली, तिचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, की राज्यभर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, गरिबीचा फायदा घेऊन धर्म बदलला जातोय. दुसरा म्हणतो, जिथं कोणी गेलं नाही तिथं मिशनरी तरी गेले. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात वाडीवरचा माणूस कुठेच नसतो. त्याला कोणीतरी 'फसवतं' किंवा 'उद्धारतं'. तो स्वतः काही ठरवतो, ही शक्यता कोणी धरतच नाही.

हा वाद समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही. कोलाडवरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठानं समुद्रापर्यंत गेलं, तरी ख्रिस्ती मिशनचे तीन वेगवेगळे अनुभव भेटतात.

पहिला अनुभव : सत्तेबरोबर आलेला धर्म

कुंडलिका समुद्राला मिळते तिथं एका बाजूला रेवदंडा आणि दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला आहे. सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. रेवदंड्याच्या तटबंदीच्या आत चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. इथं धर्म तोफा, व्यापार आणि हुकूम यांच्यासोबत आला.

१७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज निघून गेले. कोर्लईचे कॅथलिक लोक मात्र तिथंच राहिले. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली एक भाषा ते आजही घरात बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे उरलेत जेमतेम हजारभर.

ज्या सत्तेनं धर्म आणला ती जाऊन पावणेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली. आता त्या गावातल्या माणसाचा धर्म 'परका' म्हणायचा, तर मग 'आपलं' व्हायला किती पिढ्या लागतात, याचंही उत्तर द्यावं लागेल.

दुसरा अनुभव : मिशनची शाळा आणि 'शनिवार तेली'

दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे आणि कमी सांगितली जाते. रोहा, अष्टमी, पेण, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यातल्या गावांमध्ये शतकानुशतकं बेने इस्राएल ज्यू राहत होते. त्यांची आडनावंच गावांवरून पडली : रोहेकर, अष्टमकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात ओळख 'शनिवार तेली'. बोली मराठी, पेहराव कोकणातलाच. सुंता, शनिवारची सुटी, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सांभाळली होती. पण हिब्रू वाचता येणारे फार कमी होते आणि धर्मग्रंथ हाताशी नव्हता.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत पोहोचले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्यानं कंपनीच्या राज्यात मिशनरींना वाट मोकळी झाली. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले आणि त्यांनी सावित्री नदीच्या मुखाजवळ बाणकोट, पुढे हर्णे इथं काम सुरू केलं. दोन्ही मिशनचं मुख्य साधन एकच होतं, मराठी शाळा. या शाळांत बेने इस्राएलांची मुलं येऊ लागली. अनेक ठिकाणी शिक्षकही बेने इस्राएलच असत, कारण मिशनला मराठी शिकवणारी माणसं हवी होती आणि या लोकांना शाळेचं वावडं नव्हतं.

१८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८३२ मध्ये त्यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. हेतू उघड होता. या लोकांना हिब्रू आलं, जुना करार वाचता आला, की पुढे ते नव्या कराराकडे वळतील आणि ख्रिस्ताला मानतील.

झालं उलटंच. लोकांनी व्याकरण घेतलं, बायबलचं मराठी भाषांतर घेतलं, शाळा घेतली. बाप्तिस्मा घेणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. मोशे, योसेफ, दावीद यांच्या कथा मराठीत वाचायला मिळाल्यावर त्यांना त्यात आपलाच इतिहास सापडला. कोचीचे ज्यू शिक्षकही याच काळात इथं येऊन शिकवत होते. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकारानं मुंबईत समाजाची स्वतःची इस्राएली शाळा निघाली. १८८०च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनं सुरू केली. ढंग हरिदासी, भाषा मराठी आणि आख्यान तोराहमधलं.

म्हणजे मिशनरींनी ख्रिस्ती करण्यासाठी दिलेल्या साधनांनी हा समाज आणखी पक्का ज्यू झाला. किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. त्यात त्यांनी मिशनरींनी दिलेल्या शिक्षणाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. मदतीची जाण ठेवायची आणि आपला धर्मही ठेवायचा, यात त्यांना काही विसंगती वाटली नाही.

१९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा आणि पेणच्या सिनेगॉगच्या इमारती आजही उभ्या आहेत.

नकार देणं त्यांना का जमलं?

'बेने इस्राएल धर्माला घट्ट होते म्हणून' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. धर्माला घट्ट तर पुष्कळ जण असतात. या लोकांकडे आणखी तीन गोष्टी होत्या.

पहिली, स्वतःचं उत्पन्न. घाणा होता, काहींची शेती होती, कंपनीच्या पलटणींत नोकऱ्या होत्या. शाळा बंद झाली तर मूल अडाणी राहिलं असतं, पण घर उपाशी राहिलं नसतं. दुसरी, पर्याय. अमेरिकन मिशन, स्कॉटिश मिशन, कोचीचे शिक्षक, मुंबईतल्या शाळा असे एकापेक्षा जास्त दरवाजे होते. एकानं अट घातली तर दुसरीकडे जाता येत होतं. तिसरी, शाळेतला शिक्षक बऱ्याचदा त्यांच्यातलाच होता. काय घ्यायचं आणि काय नाही, याचा निवाडा समाजाच्या आतच होत होता.

याचा अर्थ मिशनच्या प्रत्येक शाळेत सगळं सुरळीत चाललं असा नाही. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत मोठा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. तिथंही मुद्दा तोच. काढून घेतलेल्या मुलांना पाठवायला दुसरी शाळा होती.

आणि ज्यांनी धर्म स्वीकारला, त्यांनीही मिशन जसंच्या तसं स्वीकारलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्त हवा, पण परदेशी मिशनची मालकी नको, ही त्यांची भूमिका होती.

तिसरा अनुभव : विल्सन यांचं दुसरं लिखाण

आता पुन्हा कातकऱ्यांकडे येऊ. ज्या जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी व्याकरण लिहिलं, त्यांनीच ११ वर्षांनी, १८४३ मध्ये उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी (म्हणजेच कातकरी) जमातींवर एक लेख लिहिला. तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला.

हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. बेने इस्राएलांना एक पुस्तक मिळालं, जे ते स्वतः वाचू शकत होते. कातकऱ्यांच्या वाट्याला त्यांच्याविषयीचा लेख आला, जो लंडनमधले लोक वाचणार होते. एका समाजाच्या हाती साधन आलं. दुसऱ्या समाजाची नोंद झाली.

पुढे दीडशे वर्षं कातकऱ्यांच्या बाबतीत असंच होत राहिलं. इंग्रजांनी त्यांची गुन्हेगारीच्या शिक्क्यानिशी नोंद केली. जंगल कायदे आले, खैराच्या झाडापासून कात पाडण्याचा धंदा गेला. ज्या कातावरून जमातीचं नाव पडलं, तोच हातातून सुटला. स्वातंत्र्यानंतर सरकारनं त्यांची 'आदिम जमात' म्हणून नोंद केली. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी गटांत कातकरी येतात. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात त्यांची संख्या साधारण २ लाख ८५ हजार आहे.

पण या नोंदींमध्ये एक महत्त्वाची नोंद बऱ्याच वाड्यांसाठी राहूनच गेली, ती म्हणजे घराखालच्या जमिनीची. पूर्वी खोतांनी आणि शेतकऱ्यांनी राबायला माणसं हवीत म्हणून कातकऱ्यांना आपल्या जमिनीच्या कडेला झोपड्या बांधू दिल्या. वाड्या वसल्या, पिढ्या गेल्या, सातबारा मात्र दुसऱ्याच्याच नावावर राहिला. मुंबईजवळची जमीन महाग झाली, फार्म हाऊस आणि रिसॉर्ट आले, तसं त्या वाड्यांभोवती कुंपण पडू लागलं. मिलिंद बोकील यांनी 'कातकरी : विकास की विस्थापन?' या पुस्तकात हाच प्रश्न मांडला आहे.

दुसरी अडचण 'उचल'. पावसाळ्यात घरात धान्य नसतं तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा ठेकेदार आगाऊ रक्कम देतो. दिवाळीनंतर सगळं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं आणि मुलांची शाळा तिथंच सुटते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. उचल मात्र चालूच आहे.

आता बेने इस्राएलांकडे असलेल्या तीन गोष्टी इथं लावून पाहा. स्वतःचं उत्पन्न? ते ठेकेदाराकडे गहाण. पर्याय? आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला जो गाडी देईल तोच पर्याय. आपल्यातला शिक्षक? क्वचितच. अशा ठिकाणी कोणी प्रार्थना घेऊन आलं काय, प्रवचन घेऊन आलं काय किंवा निवडणुकीचं पाकीट घेऊन आलं काय, 'नको' म्हणणं सारखंच अवघड असतं.

हे फक्त ख्रिस्ती मिशनपुरतं आहे का?

नाही. कुंडलिकेकाठी उपदेशाची परंपरा मोठी आहे. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. नानासाहेब धर्माधिकारी रेवदंड्याचे. त्यांच्या बैठकींना रायगडच्या गावागावांतून लोक जातात, व्यसन सुटल्याचं सांगतात. गरीब गावात जाऊन माणसाचं जगणं बदलायचं, हे काम अनेकांनी आपापल्या श्रद्धेतून केलं आहे. त्यातलं एकच 'मिशन' संशयाचं आणि बाकीची आपोआप निर्मळ, असं म्हणता येणार नाही. तसंच सेवा केली म्हणून कोणतंही मिशन प्रश्नांच्या पलीकडे जात नाही.

जगातलं सर्वांत मोठं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं आहे. १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी इथं दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. पुढे त्याच लांदानं लिहिलेल्या टिपणांच्या आधारे विसाव्या शतकात माया लिपी उलगडायला मदत झाली. १९३१ मध्ये कॅमेरॉन टाउनसेंड या अमेरिकन मिशनरीनं ग्वाटेमालातल्या काक्चिकेल या माया भाषेत नवा करार आणला. १९८१ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, माया वस्तीत काम करणारे कॅथलिक फादर स्टॅनली रोदर यांची त्यांच्याच चर्चच्या आवारात हत्या झाली. गाव सोडून जा, असं बजावलं गेल्यावरही ते परत आले होते.

पोथ्या जाळणारा मिशनरी, भाषेला पुस्तक देणारा मिशनरी आणि लोकांबरोबर मरणारा मिशनरी. तिघांना एकाच मापानं मोजलं तर काहीच समजत नाही.

कायदा काय सांगतो?

संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. बळ, आमिष किंवा फसवणूक करून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध ओडिशानं १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशनं १९६८ मध्ये केलेले कायदे न्यायालयानं वैध ठरवले.

आरक्षणाबाबत एक गोंधळ नेहमी होतो. अनुसूचित जातीची व्यक्ती ख्रिस्ती झाली तर १९५०च्या आदेशानुसार तिचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. अनुसूचित जमातीसाठी अशी अट नाही. कातकरी व्यक्ती कोणताही धर्म मानो, ती आदिवासीच राहते. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा, ही 'डीलिस्टिंग'ची मागणी अधूनमधून होते ती याच मुद्द्यावर. आदिवासी असणं हे धर्मावर नाही, तर समाज, चालीरीती आणि मागासलेपण यांवर ठरतं, हे कायद्याचं आजचं सूत्र आहे. कुंपणाआड अडकलेल्या वाडीचा विचार केला तर तेच योग्य आहे. धर्म बदलल्यानं सातबारा बदलत नाही.

मग प्रश्न कोणता विचारायचा?

'आमिष' हा शब्द धर्मांतराच्या चर्चेत सतत येतो. पण औषधाची गोळी, वह्यांचा गठ्ठा किंवा दवाखान्यापर्यंतची गाडी आमिष ठरते, तेव्हा त्या वस्तू आधीच तिथं पोहोचलेल्या नसतात. सरकारी दवाखाना चालू असलेल्या गावात गोळ्यांचं आमिष कोण दाखवणार? आमिषावर बंदी घालणारा कायदा करणं सोपं आहे. आमिष ठरू नये इतक्या सहज ती गोष्ट मिळवून देणं अवघड आहे, आणि सरकारचं काम तेच आहे.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रानं अतिदुर्बल आदिवासी गटांसाठी 'पीएम-जनमन' योजना सुरू केली. खर्चाची तरतूद २४,१०४ कोटी रुपये. घर, रस्ता, पाणी, अंगणवाडी, वसतिगृह हे सगळं तिच्यात आहे. तरतूद मोठी आहे आणि ती हवीच होती. पण घर मंजूर झालं आणि जमीनच नावावर नसेल, तर ते उभं कुठं करायचं? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १२२ गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देतं. कातकरी वाड्यांची गावठाणं मंजूर करा, ही मागणी रायगडमधल्या संघटना वर्षानुवर्षं करत आहेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मोजणी, नकाशा आणि सही लागते.

वाडीवर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाद्री असो, प्रवचनकार असो, संस्था असो किंवा तहसीलदार, तीन साधे प्रश्न विचारता येतील. तुम्ही दिलेली मदत तुमच्या सभेला न येणाऱ्यालाही मिळते का? शिकवणाऱ्यांत वाडीतला कोणी आहे का? आणि तुम्ही निघून गेल्यावर वाडीच्या हातात काय राहील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ती मदत नाही, सौदा आहे. ख्रिस्ती असो वा हिंदू, सरकारी असो वा खासगी, तिला विरोध झालाच पाहिजे. उत्तर 'हो' असेल, तर वाडीनं त्यातलं काय घ्यायचं हे वाडीला ठरवू द्यावं. रोह्या-अष्टमीच्या तेल्यांनी ते ठरवलं होतं. मिशनरींच्या बलाढ्य संस्थेसमोर त्यांनी शाळा घेतली आणि धर्म परत केला. ते जमलं, कारण घाणा त्यांचा होता आणि घर त्यांचं होतं.

कातकऱ्यांना धर्मांतरापासून वाचवायचं, असं ज्यांना मनापासून वाटतं आणि कातकऱ्यांचं धर्मस्वातंत्र्य जपायचं, असं ज्यांना वाटतं, त्या दोघांचंही पहिलं काम एकच निघतं. दोघांनी मिळून तहसील कार्यालयात जावं आणि रोहा तालुक्यातल्या किती कातकरी वाड्यांची गावठाणं मंजूर झाली, याची यादी मागावी.